ऑपरेटरबाईंच्या गळ्यात सासरे

मरोळच्या 'प्रभात व्हॉल्व्ह्ज'ला फोन लावला की आधी कंपनी भेटायची नाही, आधी रत्नप्रभा धुरी भेटायची. "प्रभाऽऽत व्हॉल्व्ह्ज, गुड मॉर्निंऽग!" त्यातला 'प्रभात' खालून निघायचा, 'व्हॉल्व्ह्ज'वर एक टुणकन उडी मारायचा, आणि 'मॉर्निंग'चा शेवटचा तुकडा ती असा वर टांगून ठेवायची की समोरच्याला तो उतरवून घ्यायला काहीतरी बोलावंच लागे. भिवंडीचे व्यापारी, नाशिकचे ठेकेदार, शिव्या द्यायला म्हणून फोन करणारी गिऱ्हाइकं, सगळे आधी एकदा "गुड मॉर्निंग जी" म्हणायचे आणि मग निम्म्या शिव्या विसरायचे.

पंधरा वर्षं ती त्या बोर्डावर होती. कणकवलीहून लग्न होऊन जोगेश्वरीला आली तेव्हा एकवीस वर्षांची, आणि आल्या आल्या सहा महिन्यांत ह्या खुर्चीवर. समोर उभा लाकडी बोर्ड, त्यात चाळीस एक्स्टेन्शनांची भोकं आणि बाहेरच्या चार लाइनी. फोन आला की त्या त्या भोकावरचं पितळी झाकण टपकन पडायचं. रत्नप्रभा कॉर्ड उचलायची, भोकात खुपसायची, किल्ली मागे ओढून बोलायची, पुढे ढकलून घंटी द्यायची. झालं बोलून की कॉर्ड उपटायची. टपक, खुपस, ओढ, ढकल, उपट. दिवसाला अडीचशे वेळा. कोण कुणाला टाळतोय, कोणाचं लग्न मोडलंय, कोणाला साहेबांनी झाडलंय, सगळं तिच्या कानावरून जायचं आणि तिथून पुढे कुठेही जायचं नाही. म्हणूनच सगळे तिच्याशी नीट वागत.

तर अशा ह्या बाईला शिमग्याच्या आठवड्यात गालगुंड झाले.

छत्तिसाव्या वर्षी! शेजारच्या बिऱ्हाडातली तीन पोरं आधी फुगली होती, त्यांना खाऊ द्यायला गेली आणि स्वतः फुगून आली. दोन्ही गाल असे की चेहऱ्यावर दोन मोदक ठेवावेत आणि मधे नाक विसरून जावं. सासूबाई सोनूबाई, मुंबईत येऊन चाळीस वर्षं झाली तरी जिभेवरचं मालवण एक इंच हललेलं नाही, त्यांनी सहाणेवर रक्तचंदन उगाळून लेप थापला. "गप रव. बोला नको. बोललंस तर आनी फुगशीत." दहा दिवसांत गाल उतरले. रत्नप्रभा कामावर गेली. विषय संपला, असं सगळ्यांना वाटलं.

मग एप्रिलमध्ये तिचा आवाज खाली यायला लागला.

एकदम नाही. टेपरेकॉर्डरचे सेल उतरायला लागले की गाणं जसं हळूहळू जड होत जातं, तसा. आधी 'मॉर्निंग' वर चढेना. मग 'व्हॉल्व्ह्ज'ची उडी गेली. जूनपर्यंत "प्रभाऽऽत" म्हणजे विहिरीत उतरून कोणीतरी पुरुष बोलतोय असं वाटू लागलं. लोक म्हणू लागले, "हां भाईसाहब, जरा पर्चेस देना." भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने तर आवाज दबका करून विचारलं, "भाईसाहब, वो पहले वाली मॅडम किधर गई? शादी हो गई क्या?"

आवाजाबरोबर बाकीचंही बिघडत होतं. मे महिन्यात, अख्खी मुंबई घामाने निथळत असताना, ती ऑफिसात स्वेटर घालून बसायची. पंख्याखालून खुर्ची सरकवायची. केस कंगव्यात राहायचे. सकाळी डोळे सुजलेले. जेवणावर वासना नाही तरी वजन वाढतंय. जीभ तोंडात जाड, शब्द तोंडातून निघायच्या आधी जरा टेकून बसल्यासारखा. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला, नाक्यावरच्या डॉक्टरांची लाल औषधाची बाटली झाली. काही फरक नाही.

आणि घरी? घरी तर कहर.

एका संध्याकाळी दमून आलेली रत्नप्रभा दारातच खाली बसली आणि नुसती म्हणाली, "च्या."

आत तांदूळ निवडत बसलेल्या सोनूबाई दचकून उठल्या. डोक्यावरून पदर ओढला. "हाडतंय हां, हाडतंय!" आणि लग्नाला पंधरा वर्षं उलटून गेलेल्या त्या घरात पहिल्यांदा सासूने सुनेच्या हातात आयता चहा आणून दिला. वर बशीत ओतून.

रत्नप्रभाने बशीकडे बघितलं, सासूकडे बघितलं. "आई, बरं आहे ना तुम्हाला?"

सोनूबाईंनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. फोटोत सासरे होते, नऊ वर्षांपूर्वी वारलेले, मिलमध्ये जॉबर म्हणजे मुकादम, मिशा कानापर्यंत. "ह्यांचो आवाज," सोनूबाई कुजबुजल्या. "सेम टू सेम. माका काय कळना नाय? अडतीस वर्सां ऐकलंय."

त्या दिवसापासून सोनूबाई सुनेशी बोलेनात, तिच्या गळ्यातल्या नवऱ्याशी बोलू लागल्या. सून भाकऱ्या थापत असायची, सासू उंबऱ्यात बसून विचारायची, "अवो, गावच्या पेटाऱ्याची चावी खय ठेवलात ती सांगून तरी जावा."

"मला काय ठाऊक!" रत्नप्रभा वैतागून.

सोनूबाई शेजारणीकडे वळून, मोठ्या समाधानाने: "बघलंस? जित्ते असतानाय हेंच उत्तर दियत."

रत्नप्रभाचा नवरा जयवंत शिकलेला, मिल बंद पडल्यावर अंधेरीच्या एका छापखान्यात लागलेला, असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारा. "आई, असं काही नसतं," तो ठणकावून सांगायचा. पण गॅलरीत उभा असताना आतून त्या घोगऱ्या आवाजात "अहो, ऐकलंत का?" आलं, की त्याचा बिडीचा हात आपोआप पाठीमागे जायचा.

"बापाला घाबरता अजून?" रत्नप्रभा म्हणायची.

"घाबरत नाही गं. सवय असते हाताला."

तीही हसायची. घरी हसायला येत होतं. ऑफिसात नव्हतं.

जुलैच्या एक तारखेला पर्सोनेलच्या चंद्रप्रकाश माथुर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माथुर साहेब कुठलंही वाक्य 'बात ऐसी है' ह्या पायरीवर पाय ठेवल्याशिवाय चढत नसत. "बात ऐसी है, मिसेस धुरी, के बोर्ड कंपनी का मुँह है. पार्टी लोग कंप्लेंट करते हैं. बात ऐसी है, एक महिना देता हूँ. आवाज ठीक हो गई तो ठीक. नहीं तो एक ऑगस्टपासून बोर्ड लंचवाली अनुपमा सांभाळेल, आप इनवर्डमध्ये बसा. पगार वही. टेन्शन नको."

टेन्शन नको! इनवर्ड म्हणजे दारातलं टेबल. आलेल्या पत्रांवर शिक्का मारायचा, वहीत लिहायचं, पुढचं पत्र. दिवसभरात एक माणूस बोलणार नाही. पगार तोच असेना का, तिला पगाराचं काही नव्हतं. तिला तो बोर्ड हवा होता. त्या खुर्चीवर बसलं की कणकवलीच्या मुलीच्या बोटांतून अख्खी कंपनी बोलते, हे पंधरा वर्षांत तिच्या एवढं अंगवळणी पडलं होतं की शिक्का मारत बसायच्या नुसत्या विचाराने तिला रडू आलं. तेही घोगरंच.

आणि मग आला नऊ जुलैचा मंगळवार. सकाळचे सव्वाअकरा. बाहेरच्या तीन नंबरच्या लाइनीचं झाकण पडलं.

"हॅलो प्रभात? घाटकोपरहून डॉक्टर विमला गायकवाड बोलतेय." बाईंचा आवाज असा की प्रत्येक शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दाने खाल्लेलं. "आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं वाफेवर शुद्ध करायचं मशीन आहे, त्याला तुमचा व्हॉल्व्ह आहे, तो गळतोय, सगळं ठप्प आहे, सर्व्हिसला द्या."

"देते हं, एक मिनिट."

"थांबा. थांबा थांबा थांबा. 'देते' म्हणालात की 'देतो'?"

रत्नप्रभाने डोळे मिटले. हल्ली ती क्रियापदांतल्या 'ते'वर मुद्दाम जोर द्यायची, तेवढाच पुरावा उरला होता. "देते. बाई आहे मी."

"छान!" पलीकडून असा आनंद की लॉटरी लागली. "किती दिवस आहे हा आवाज?"

"तीन महिने. मॅडम, सर्व्हिसला जोडू ना?"

"पंखा सहन होतो?"

"पंखा? मे महिन्यात स्वेटर घालून बसले होते मी!"

"हां! केस?"

"निम्मे कंगव्यात."

"वजन?"

"मॅडम, ही कंपनीची लाइन आहे."

"म्हणजे वाढलंय. सकाळी डोळे सुजतात? जीभ जड? सगळं सावकाश चाललंय असं वाटतं?"

रत्नप्रभाच्या हातातली कॉर्ड हातातच राहिली. दोन झाकणं पडली, तिने पाहिली नाहीत. "तुम्ही ज्योतिष बघता का हो?"

"त्याहून भारी करते. अहो, कॉलेजात आमचे सर म्हणायचे, एक आजार असा आहे की पेशंट न बघता नुसत्या टेलिफोनवर ओळखता येतो. बारा वर्षं वाट बघतेय मी ह्या फोनची! उद्या सकाळी नऊला या. उपाशी नको, खाऊन या."

"आणि व्हॉल्व्ह?"

"कुठला व्हॉ... हां, तो. गळू दे एक दिवस."

दुसऱ्या दिवशी घाटकोपर. डॉक्टर विमला प्रत्यक्षात फोनवरच्याहून छोट्या निघाल्या, पण तेवढ्याच घाईच्या. त्यांनी रत्नप्रभाला पाणी प्यायला लावलं आणि घोट उतरताना गळ्याकडे टक लावून पाहिलं. मागे उभं राहून गळा बोटांनी चाचपला. मग तिला स्टुलावर गुडघे टेकायला लावून घोट्यामागे रबरी हातोडी मारली. पाऊल उडालं, आणि परत यायला 'येतो, येतो, चप्पल घालतो' करत आरामात आलं.

"बघितलंत?" डॉक्टर टाळी वाजवून म्हणाल्या. "तुमचा पायसुद्धा घोगरा झालाय!"

रक्त काढलं, ते तपासायला शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये गेलं. नऊ दिवसांनी कागद आले. डॉक्टरांनी ते टेबलावर पसरले आणि रत्नप्रभाला समजेल असं सांगायला सुरुवात केली. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराएवढी एक ग्रंथी असते, थायरॉइड. ती जे रसायन सोडते त्यावर अंगाचा सगळा वेग चालतो: ऊब, पचन, केस, पाय, आवाज. तुमच्यात ते रसायन कमी पडतंय. का? तर तुमच्या अंगातली राखण करणारी फौज तुमच्याच ग्रंथीवर तुटून पडलीय. रक्तात तिची हत्यारं सापडलीत, ही बघा.

"माझी फौज? मला कशाला मारेल?"

"हाच प्रश्न आहे. ह्या वर्षात ताप, फ्लू, काही झालं होतं?"

"गालगुंड. शिमग्याला."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. "हं. मग ऐका. गालगुंडाचा विषाणू आला. तुमची फौज उठली, त्याला झोडपलं, तो गेला. पण असं दिसतं की काही जणींच्या बाबतीत त्या गडबडीत फौजेची ओळखच चुकते. शत्रू गेला तरी ती थांबत नाही, घरच्याच माणसाला..."

"कॉर्ड!" रत्नप्रभा एकदम ओरडली. घोगऱ्या आवाजात ओरडली त्यामुळे बाहेरचा वॉर्डबॉय आत डोकावून गेला. "म्हणजे गालगुंडाचा फोन आला, आतल्या बाईने घेतला, बोलणं झालं, त्याने फोन ठेवला. पण हिने कॉर्ड उपटलीच नाही! उलट चुकून थायरॉइडच्या भोकात घातली, आणि तिथे घंटी देतेय, देतेय, देतेय. त्या बिचाऱ्या एक्स्टेन्शनचा काय दोष?"

डॉक्टर विमलांनी ते पॅडवर उतरवून घेतलं. "बाई, हे मी शिकाऊ डॉक्टरांना सांगणार. पण एक लक्षात ठेवा. गालगुंड हा संशयित आहे, गुन्हेगार ठरलेला नाही. तुमच्या अंगात आधीपासूनच ह्याची ओढ असेल, गालगुंडाने नुसता धक्का दिला असेल. काही नसेलही दिला. अजून कोणाला नक्की माहीत नाही, जगात कोणालाही. उपाय मात्र माहीत आहे. कमी पडतंय ते रसायन गोळीतून द्यायचं, रोज सकाळी, बहुतेक जन्मभर."

"आणि आवाज?"

"दोन-तीन महिन्यांत चढेल."

रत्नप्रभाने बोटांवर मोजलं. ऑगस्टची एक तारीख तेरा दिवसांवर. "मॅडम, माझ्या साहेबांना चिठ्ठी द्याल? महिना वाढवून मिळाला तर बोर्ड वाचेल."

डॉक्टरांनी लेटरहेडवर झोकात इंग्रजी चिठ्ठी लिहून दिली.

रत्नप्रभा घरी आली ती जिलेबीचा पुडा नाचवत. "मला आजार आहे! खराखुरा! नाव आहे त्याला, गोळी आहे!" जयवंतने तिच्या हातून जिलेबी घेतली आणि आईसमोर बिनधास्त बिडी शिलगावली.

सोनूबाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. मग पदर सारखा करत विचारलं, "म्हणजे ते नाय?"

"नाही हो आई."

"आनी गोळी घेतलंस काय आवाज जातलो?"

"दोन-तीन महिन्यांत."

"मगे दोन म्हयने आसत." सोनूबाईंनी जिलेबीचा तुकडा मोडला. "रोज सांजवेळी वाईच बोलत जा माझ्याशी. कायपण बोल. बाजारभाव सांग."

रत्नप्रभा तिथेच बसली आणि घोगऱ्या आवाजात भेंडी, गवार, ओले बोंबील ह्यांचे भाव सांगत राहिली. सोनूबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

सोमवारी तिने चिठ्ठी माथुर साहेबांना दिली आणि इथेच वाट लागली.

माथुर साहेबांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. खिशातून लाल पेन काढून दोन शब्दांखाली रेघ मारली आणि खुर्ची एक फूट मागे सरकवली. डॉक्टरांनी लिहिलं होतं की हा आजार बहुधा गालगुंडाच्या विषाणूच्या संसर्गानंतर सुरू झाला असावा. माथुर साहेबांच्या डोळ्यांना त्यातले 'व्हायरस' आणि 'इन्फेक्शन' एवढेच दिसले. "बात ऐसी है, मिसेस धुरी... ये तो व्हायरल है! और आप उसी माउथपीस में बोलती हैं जिसमें अनुपमा बोलती है! नहीं नहीं नहीं. एक ऑगस्ट कैन्सल. आजच इनवर्ड. अभी के अभी."

"सर, गालगुंड मार्चमध्येच बरे झाले. हे दुसरं आहे, हे लागत नाही कोणाला. डॉक्टर फोनवर बोलायला तयार आहेत, गुरुवारी एक ते दोन."

"मैं डॉक्टर से बात नहीं करता. मैं काग़ज़ देखता हूँ. काग़ज़ पे व्हायरल लिखा है."

रत्नप्रभा बाहेर येऊन बघते तो अनुपमा, जेवणाच्या सुट्टीत बोर्ड सांभाळणारी चोवीस वर्षांची मुलगी, डेटॉलच्या बोळ्याने माउथपीस पुसत उभी. डोळ्यांत पाणी. "ताई, राग नको ना मानू. तू मला कामाला लावलंस, सगळं शिकवलंस. पण यार, डिसेंबरात लग्न आहे माझं. अल्बममध्ये माझे गाल तसले आले तर? सासरचे जन्मभर दाखवत फिरतील."

रत्नप्रभा इनवर्डच्या टेबलावर जाऊन बसली. शिक्का. वही. शिक्का. समोर काचेपलीकडे बोर्ड, आणि अनुपमाच्या हातून कॉर्डांचा नुसता गुंता. मंगळवारी नाशिकचा ठेकेदार दहा मिनिटं कॅन्टीनच्या आचाऱ्याशी पाइपांबद्दल बोलला. बुधवारी मोठ्या साहेबांना त्यांच्या मेहुण्याऐवजी गॅस एजन्सी मिळाली.

गुरुवारी एक वाजला. अनुपमा जेवायला कॅन्टीनमध्ये गेली. जेवणाच्या वेळेत बोर्ड आता रिकामाच असायचा. माथुर साहेब केबिनमध्ये डबा उघडून बसले. मोठे साहेब त्यांच्या केबिनमध्ये. रत्नप्रभाने शिक्का खाली ठेवला, उठली, काचेचं दार ढकललं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. हेडसेट डोक्यावर चढवला. पाठ आपोआप ताठ झाली.

आधी घाटकोपर. पहिल्यांदा एंगेज. दुसऱ्यांदा कुठल्यातरी दोन बायका मधेच: "...मी तिला म्हटलं, हिरवीच घे, हिरवीत तू बारीक दिसतेस..." तिसऱ्यांदा काहीच नाही, नुसती समुद्राची गाज. एक वाजून अकरा. बारा. पाचव्यांदा लागला.

"बोला भाऊ," पलीकडून हॉस्पिटलची ऑपरेटर.

"भाऊ नाही, बाई आहे. मरोळहून. डॉक्टर गायकवाड पाहिजेत, आणि लाइन सोडू नका प्लीज, पाच वेळा फिरवलाय."

"पाच वेळा न चिडता फिरवलात? ऑपरेटर आहात काय?"

"पंधरा वर्षं."

"मग आपलीच की गं तू! मी मालन. आवाजाला काय झालं?"

"त्यासाठीच डॉक्टर पाहिजेत. माझा बोर्ड काढून घेतलाय."

"काढून घेतलाय?" मालनचा आवाज असा चढला की जणू तिचंच मूल काढून घेतलं. "थांब. वॉर्डात आहेत, ओढून आणते. लाइन माझ्या जिवावर धरून बस."

डॉक्टर येईपर्यंत रत्नप्रभाने दुसरी कॉर्ड खुपसली. माथुर. घंटी. "सर, मोठे साहेब लाइनवर आहेत." माथुर साहेबांनी घास गिळल्याचा आवाज आला. तिसरी कॉर्ड. मोठे साहेब. "सर, माथुर साहेब बोलतायत." चौथी कॉर्ड, कॅन्टीन. "अनुपमाला दे रे फोनवर. अनुपमा? ताई बोलतेय. काही बोलू नकोस, नुसतं ऐक."

मग तिने चारही किल्ल्या एकदम मागे ओढल्या.

असं करायचं नसतं. एकाच वेळी इतक्या किल्ल्या उघडल्या की सगळे सगळ्यांना ऐकू येतात खरे, पण प्रत्येक किल्लीमागे आवाज पातळ होत जातो, पाणी घातलेल्या ताकासारखा. चार म्हणजे हद्द.

"अं... हं, माथुर?" मोठे साहेब. ते बोलायच्या आधी एक 'अं' पुढे पाठवून रस्ता मोकळा आहे का बघत.

"येस सर, बात ऐसी है सर, आपने याद किया?"

"अं... मी? फोन तुम्ही केलात."

"नो सर. आपने."

तेवढ्यात घाटकोपर उगवलं. "हॅलोहॅलो गायकवाड बोलतेय, मिसेस धुरी, चिठ्ठीचं काय झालं?"

"अं... ह्या कोण?"

रत्नप्रभा बोलली, हळू, जड, पण एकेक शब्द नीट लावून. "सर, मी ऑपरेटर धुरी. सगळ्यांना मीच जोडलंय. दोन मिनिटं ऐका, मग काय करायचं ते करा. मला मार्चमध्ये गालगुंड झाले आणि गेले. गालगुंड लागतात, खरं आहे. पण आत्ता जो आजार आहे तो माझ्याच अंगातल्या राखणदारांचा गोंधळ आहे. एका माणसाच्या घरातलं भांडण शेजारच्या घराला लागतं का? तसंच हे. माउथपीसमधून जात नाही, हातातून जात नाही. बरोबर का, डॉक्टर?"

"शंभर टक्के! विषाणू केव्हाच गेला. त्यानेच हे सुरू केलं की नाही हेही पक्कं नाही, मी चिठ्ठीत 'बहुधा' लिहिलंय, ते कोणी वाचलंच नाही काय? आजार कोणालाही लागत नाही. औषध चालू आहे, ऑक्टोबरपर्यंत आवाज चढेल."

"ओ मॅडम!" कॅन्टीनमधून बारीक आवाज. "म्हणजे माझे गाल..."

"कोण ही? कोणाचे गाल? काही होत नाही गालांना!"

"बात ऐसी है डॉक्टर साहिबा," माथुर साहेबांनी किल्ला लढवला, "पण तोवर पार्टी लोग तो कंप्लेंट करेंगे ना. आवाज तो मर्दाना ही है."

"सर," रत्नप्रभा म्हणाली, "ह्या आठवड्यात आवाज गोड होता. नाशिकच्या पार्टीला कॅन्टीन लागलं, मोठ्या साहेबांना गॅस एजन्सी."

मोठ्या साहेबांकडून एक लांबलचक 'अं' आला. तो संपेना. ते हसू होतं हे कळायला सगळ्यांना वेळ लागला. "माथुर, मला तीन दिवसांत पहिल्यांदा आज ज्याच्याशी बोलायचं नव्हतं तोसुद्धा नीट जोडून मिळालाय. अं... बाईंना बोर्डावर बसू दे. ऑक्टोबरपर्यंत काय, बसू दे."

"येस सर. वही तो मैं कह रहा था सर."

"अं... आणि डॉक्टर, लाइनवर आहातच तर. आमच्या मिसेसना पंखा अजिबात चालत नाही. रात्री दोन गोधड्या..."

"केस गळतात?"

"डॉक्टर साहिबा, बात ऐसी है, मेरा घुटना..."

"मॅडम, मी कॅन्टीनचा काशीराम. अनुपमाताईंच्या शेजारीच उभा आहे. मला जेवल्यावर छातीत..."

आवाज ताकावरून पाण्यावर आले. मालनही मधे शिरली, "डॉक्टर, तुमची ओपीडी दारात उभी आहे!" रत्नप्रभाने एकेक करून किल्ल्या पुढे ढकलायला घेतल्या. आधी गुडघा बंद केला, मग छाती. मोठे साहेब आणि डॉक्टर तेवढे दोघं ठेवले. बोर्डावर तोवर सात झाकणं पडली होती, तिने ती ओळीने घ्यायला सुरुवात केली.

काचेचं दार धाडकन उघडलं. अनुपमा कॅन्टीनपासून धावत आली होती, अर्धी चपाती अजून हातात. तिने इनवर्डची खुर्ची ओढत आणून बोर्डाला भिडवली आणि धापा टाकत बसली.

"ताई, चार किल्ल्या एकदम! कसं केलंस ते? मला दाखव ना, आत्ताच्या आत्ता."

"आधी चपाती संपव," रत्नप्रभा पाचवं झाकण उचलत म्हणाली. "आणि ही दोन नंबरची लाइन सर्व्हिसला दे, हॉस्पिटलचीच आहे. घाटकोपरचा व्हॉल्व्ह अजून कोणी बघितलेला नाही."